लालबागहून द्राक्षांच्या गावाला

वाचकहो, मुंबईची माणसे सुटी कशी आखतात ते आज तुम्हांला सांगणार आहे. तुम्ही म्हणाल, आम्हांला काय त्याचे? पण यंदा आमच्या सुटीचा रस्ता तुमच्या बांधावरून जायचा आहे, म्हणून तुम्हांलाच सांगितले पाहिजे.

आम्ही राहतो लालबागला. मी मूळचा निफाड तालुक्यातला. बहात्तरच्या दुष्काळाने घरची विहीर आटवली नि १९७३ साली मी मुंबई गाठली. गिरगावातल्या एका छापखान्यात खिळे जुळवायचे काम मिळाले. लालबागच्या चाळीत दहा बाय बाराची खोली मिळाली, आणि परळच्या एका गिरणी कामगाराची मुलगी या खोलीत लक्ष्मी होऊन आली. आज त्याच चाळीत मी, आमची सौ., मुलगा, सूनबाई आणि दहा वर्षांची नात अशी पाच माणसे आहोत. माझी थोरली बहीण, आमची अक्का, निफाड तालुक्यातच दिली आहे. तिच्या मुलाची सहा एकर द्राक्षबाग आहे. हे नाते ध्यानात ठेवा, पुढे कामाला येणार आहे.

मुलाची कचेरी लोअर परळला. एके काळी तिथे गिरणीचा भोंगा वाजायचा, आता काचेच्या इमारती आहेत. त्याच्या हाताखालचे दोघे मागल्या वर्षी स्पेन देशात रिओहा म्हणून एक मुलूख आहे तो पाहून आले. एब्रो नावाच्या नदीकाठी मैलोन्‌ मैल द्राक्षमळे, गावोगाव वाईनचे कारखाने आणि लोक नुसते मळ्यातून हिंडायला जगभरातून येतात. झाले! आमच्या चिरंजिवांनी रात्री जेवताना विषय काढला, "बाबा, आपणही जाऊ या. पाच-सहा दिवसांचा तर प्रवास."

सूनबाई हिशेबाची पक्की. तिने वही काढली. पाच जणांचे विमान, व्हिसा, राहणे, खाणे. दोन पाने भरली आणि तिसऱ्या पानावर तिने एकच ओळ लिहिली: नाशिक. वही नवऱ्यापुढे सरकवून म्हणाली, "द्राक्षंच बघायचीत ना? मग आत्यांच्या गावाला काय धाड भरलीय?"

मला सून आवडते ती अशा वेळी. मुलगा जरा हिरमुसला, पण दोन दिवसांनी तोच नकाशा घेऊन बसला. आणि आखणीचे काम माझ्याकडे आले, कारण घरात द्राक्षाच्या काडीला हात लावलेला मी एकटाच.

पहिला प्रश्न, जायचे केव्हा? मुलाचे मित्र रिओहाला सप्टेंबरअखेर गेले होते, तेव्हा तिथे तोडणी असते. म्हणून मुलगाही सप्टेंबर धरून बसला. त्याला समजावताना माझी निम्मी संध्याकाळ गेली. तुम्हांला हे सांगायला नको, पण शहरातल्या माणसाला ठाऊक नसते की वेल तीच असली तरी तिचे वर्ष मुलखागणिक वेगळे असते. तिकडे हिवाळ्यात कडाका पडतो, पाने गळतात, वेल झोपी जाते. थंडीत एकदा छाटणी करायची, वसंतात ती जागी होते नि पावसाळ्याच्या शेवटी, आपल्याकडे भाताची लोंबी भरत असते तेव्हा, तिकडे घड उतरतात. आपल्याकडे वेलीला झोप म्हणून नाहीच. म्हणून आपण तिला दोनदा कापतो. एप्रिलमध्ये खरड छाटणी, ती काडी तयार करायला आणि त्या काडीच्या डोळ्यात घड धरायला. मग ऑक्टोबरच्या आसपास गोडी छाटणी, ती फळासाठी. छाटण्या दोन, पीक मात्र एकच. म्हणजे आपली तोडणी येते जानेवारीच्या मध्यापासून मार्चपर्यंत. सप्टेंबरात गेलो असतो तर मळ्यात पाने नि पावसाचा चिखल पाहून आलो असतो.

फेब्रुवारी ठरला. त्यातही मुलाने सांगितले की जानेवारीची २६ आणि ३० तारीख टाळा, त्या दिवशी दारूबंदी असते, कारखान्यात चव घ्यायला मिळत नाही. त्यावर स्वयंपाकाच्या ओट्यापासून आवाज आला, "मग सव्वीस जानेवारीलाच जाऊ."

आमच्या घरी या बेताला पहिल्यापासून विरोध होता, तो इथे कळला.

तिचा विरोध हसण्यावारी नेण्यासारखा नाही. १८ जानेवारी १९८२ ला गिरण्यांचा संप सुरू झाला. अडीच लाख कामगार घरी बसले. तिचा धाकटा भाऊ परळच्या गिरणीत साचेखात्यात होता. सहा महिने त्याने वाट पाहिली, वर्षभर पाहिली. पुढे भोंगा वाजलाच नाही त्याच्यापुरता. दिवसभर हाताला काम नाही आणि गल्लीच्या तोंडाशी गुत्ता. अडतिसाव्या वर्षी गेला. त्याच्या बायकोने खानावळीचे डबे करून दोन पोरे वाढवली. ज्या घरात हे झाले, त्या घरातल्या बाईला तुम्ही "वाईन म्हणजे दारू नव्हे" असे सांगून पाहा.

मुलाने सांगून पाहिले. म्हणाला, "आई, ती फळाचा रस असते." ती म्हणाली, "बाटलीला लाकडाचं बूच लावलं म्हणून आत दूध होतं का रे?"

माझे मत विचाराल तर या वादात ती बरोबर आहे. द्राक्षाच्या रसातली साखर किण्व खाते, तिची दारू होते, शंभरात बारा-तेरा भाग. गावठीपेक्षा कमी, पण आहे ती दारूच. २७ जानेवारी २०२२ ला राज्याच्या मंत्रिमंडळाने मोठ्या दुकानांत, हजार चौरस फुटांहून मोठी असतील तिथे, वाईन विकू द्यायचे ठरवले होते. शेतकऱ्याच्या भल्यासाठी, असे कारण दिले गेले. अण्णा हजाऱ्यांसकट अनेकांनी विरोध केला आणि तो निर्णय अमलात आला नाही. तेव्हा दोन्ही बाजूंनी पुष्कळ बोलले गेले. मला एवढेच वाटले की शेतकऱ्याचे भले करायचे तर त्याला खरे सांगून करावे. तू पिकवतोस त्याची दारू होते, तिला गिऱ्हाईक आहे, भाव अमुक आणि पैसे तमुक दिवसांत. बागाईतदार काही कुक्कुले बाळ नव्हे.

इतके असूनही बेत मोडला नाही, त्याचे कारण माझा भाचा. दिवाळीनंतर त्याचा फोन आला. "मामा, दोन एकर वाईनच्या द्राक्षाला द्यावं म्हणतोय. कंपनीचा माणूस येऊन गेला, करार करतात. तुम्ही छापखान्यात कागदपत्रं वाचलीत आयुष्यभर. एकदा येऊन कागद बघाल का?"

मी वाचले ते खिळ्यांचे उलटे अक्षर. पण भाच्याने विचारले नि मामा नाही म्हणाला, असे आपल्याकडे होत नाही.

तेव्हापासून आमच्या सहलीच्या वहीत दोन रकाने झाले. एका बाजूला मुलगा-सूनबाईची ठिकाणे, दुसऱ्या बाजूला माझे प्रश्न. ठिकाणांचे आधी सांगतो, कारण ते सोपे आहे.

दादरहून सकाळी तपोवन एक्स्प्रेस आहे. फेब्रुवारी २०२३ पासून शिर्डीची वंदे भारतही दादरला थांबून नाशिक रोडला जाते, पण तिचे भाडे पाच जणांचे मोजले की छातीत कळ येते. शिवाय नातीला कसाऱ्याचा घाट पाहायचा आहे, गाडीला मागून इंजिने लावून ढकलतात ते पाहायचे आहे. दादरहून एस्.टी. आहेच. मुलगा मोटारीचे म्हणत होता, कारण समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा शेवटचा तुकडा ५ जून २०२५ ला खुला झाला नि घाट सोपा झाला. पण आमण्यापासून लालबागपर्यंतचा रस्ता कुठे सोपा झालाय? तेव्हा आगगाडी.

पहिला दिवस नाशिक शहराला लागून गंगापूर धरणाच्या बाजूचा. तिथे राजीव सामंत या परदेशात शिकून आलेल्या गृहस्थांनी १९९७ च्या सुमाराला घरच्या जमिनीवर वाईनची द्राक्षे लावली. सुला नाव ठेवले. २००० साली त्यांची पहिली वाईन बाजारात आली. आज तिथे शनिवार-रविवारी लालबागच्या राजाला असते तशी रांग असते असे म्हणतात, म्हणून आम्ही शुक्रवार धरला. दुसरा दिवस दिंडोरीचा. तिथे फ्रान्सच्या शांदों कंपनीचाही कारखाना आहे. पण मला त्याहून मोहाडीची सह्याद्री फार्म्स पाहायची आहे. विलास शिंदे आणि त्यांच्याबरोबरच्या शेतकऱ्यांनी स्वतःची कंपनी काढून खायची द्राक्षे परदेशी पाठवायला सुरुवात केली, ते काम. आणि जवळ आलोच आहोत तर वणीच्या गडावर सप्तशृंगीला जाऊन यायचे, हा मुक्काम सौ.चा. तिसरा दिवस अक्काकडे. वाटेत पिंपळगाव बसवंतचा बाजार, नातीसाठी नांदूर मध्यमेश्वरचे पक्षी आणि विंचूरचे वाईन पार्क बाहेरून. परत सोमवारी नाशिक रोडहून सकाळच्या पंचवटीने. थंडीचे कपडे भरपूर, कारण निफाडचा पारा कुठवर उतरतो हे मुंबईकराला सांगून खरे वाटत नाही. ज्या गारठ्यात तुम्ही पहाटे बागेत शेकोट्या करता, त्यात आमची मंडळी सुती सदरे घालून उतरायची.

आता माझा रकाना.

खायच्या द्राक्षाचे कष्ट तुम्ही जाणता. थॉम्पसन असो, सोनाका असो, तास-ए-गणेश असो: मणी लांबट, टपोरा, डागाशिवाय हवा. त्यासाठी जी.ए.च्या बुडवण्या, घडांची विरळणी, फवारण्यांवर फवारण्या आणि वर मजुरांची चणचण. वाईनच्या द्राक्षाला यातले बरेच लागत नाही. शिराझ, कॅबर्ने, शेनिन ब्लांक या जातींचा मणी बारीक, बियांचा, जाड सालीचा. तो मोठा करायचाच नसतो. रंग आणि चव सालीत असते. मणी जितका बारीक, तितकी रसाच्या मानाने साल जास्त. काळे द्राक्ष पिळले तरी रस जवळजवळ पांढराच निघतो. तांबडी वाईन करायची तर सालीसकट आंबवतात, पांढरीला आधी पिळून साल बाजूला काढतात. घड मांडवावर न चढवता तारांच्या उभ्या ओळींवर ठेवतात, पीक मुद्दाम कमी धरतात आणि साखर बावीस-चोवीसपर्यंत चढू देतात. उरलेला चोथा खतात जातो. भाचा म्हणतो, खर्च कमी, डोक्याचा ताप कमी. ते खरे आहे.

पण खायचे द्राक्ष नि हे द्राक्ष यांत एक मोठा फरक आहे, आणि तो बागेत दिसत नाही. खायच्या द्राक्षाचा व्यापारी बुडवून पळाला, आणि असे पळणारे तुमच्याही तालुक्यात होऊन गेले असतील, तरी उरलेल्या मालाला दुसरे दार असते. दुसरा व्यापारी, नाहीतर बेदाणा, नाहीतर हमरस्त्याला टोपली मांडून बसायचे. शिराझ कोण टोपलीत घेणार? मुलांना द्याल तर बिया थुंकतील. त्याचा चांगला बेदाणाही होत नाही. त्याला एकच दार, कारखान्याचे. ते उघडले तर ठीक. न उघडले तर साखर थांबत नाही, पक्षी थांबत नाहीत, पाऊसही थांबत नाही.

हे कल्पनेने लिहीत नाही. २००१ साली राज्याने द्राक्षप्रक्रियेचे धोरण आणले, करात सूट दिली, विंचूर आणि पलूसला वाईन पार्क काढले. पुढच्या काही वर्षांत नाशिक जिल्ह्यात वाईनच्या बागा भराभर वाढल्या. मग २००८ ची जागतिक मंदी आली, त्याच नोव्हेंबरात मुंबईवर हल्ला झाला, हॉटेले ओस पडली. वाईन पडून राहिली, कारखान्यांनी माल उचलण्यात हात आखडता घेतला, आणि किती तरी शेतकऱ्यांनी ऐन उमेदीतल्या वेली उपटून टाकल्या. अक्काच्या शेजारच्या मळ्यात त्या वेळी ढीग पेटवलेला मी पाहिला आहे. ओली वेल लवकर पेट घेत नाही. दोन दिवस धुमसत होती.

आणि हे आपल्याकडेच होते असेही नाही. ज्या रिओहाचे कौतुक ऐकून आमचा बेत सुरू झाला, तिथे १९२५ पासून नावाचे मानांकन आहे, कोणत्या गावचे द्राक्ष, कोणती जात, किती वर्षे पिंपात ठेवली, सगळ्यांवर देखरेख करणारे मंडळ आहे. टेंप्रानिओ ही तिथली जात. लवकर पिकते म्हणून तिला ते नाव, आपण हळवे भात म्हणतो तसे. इतकी व्यवस्था असूनही तांबड्या वाईनचा खप उतरला आणि २०२३ साली तिथल्या शेतकऱ्यांना कच्चे घड खाली पाडण्यासाठी सरकारी पैसा द्यावा लागला. मुलाच्या मित्रांच्या फोटोंत ते काही दिसले नाही. नाशिकच्या वाईनलाही भौगोलिक मानांकन आहे, चांगलेच आहे. पण मानांकनाने बाटलीला नाव मिळते, माल उचलायची हमी मिळत नाही.

उलट बाजूही सांगितली पाहिजे. २००८ नंतर धंदा सावरला. काही बागाईतदार वर्षानुवर्षे एकाच कारखान्याला माल देत आले आहेत आणि समाधानी आहेत. २०२३ च्या नोव्हेंबरअखेर निफाडकडे गारपीट झाली, तेव्हा भाच्याच्या खायच्या द्राक्षाचे डोळ्यांदेखत मातेरे झाले. म्हणजे जुने पीक सुरक्षित नि नवे धोक्याचे असेही म्हणवत नाही. म्हणूनच जाऊन पाहायचे.

तर वहीत मी लिहून ठेवले आहे ते असे. करार किती वर्षांचा? वेलीला धरायला दोन-तीन वर्षे लागतात, करार पाचाचा असला तर हातात किती उरतात? भाव जातीवर की साखरेवर, आणि साखर मोजताना शेतकरी समोर असतो का? तोडणीची तारीख कोण ठरवतो? त्यांनी आठवडा उशीर केला नि मधे पाऊस आला तर नुकसान कोणाचे? गाडीभाडे कोणाचे? पैसे किती दिवसांत? आणि शेवटचा प्रश्न, कागद मराठीत आहे का? भाच्याला हे फोनवर वाचून दाखवले. तो म्हणाला, "मामा, कंपनीच्या माणसाला इतकं विचारलं तर तो पळून जाईल." मी म्हटले, "आताच पळाला तर स्वस्तात सुटलास."

मुलगा म्हणतो, बाबांनी सहलीची पंचायत करून टाकली. त्याचेही चुकत नाही. त्याला दोन दिवस डोके बाजूला ठेवून हिरवे काहीतरी पाहायचे आहे. लालबागच्या खिडकीतून उड्डाणपूल दिसतो. म्हणून गंगापूरचा दिवस त्याचा आणि सूनबाईचा. ती दोघे चव घेतील, मोठी माणसे आहेत. मी आणि नात टाक्या नि पिंपे पाहून येऊ. सौ. कारखान्यात पाऊल टाकणार नाही. तिने सांगितले, "मी बाहेर झाडाखाली बसेन, पण मला वेल बघायचीय. कुणी तोडत असल्या बायका तर त्यांच्याशी बोलेन." एवढ्यावर तिने होकार दिला. चिवडा गल्लीतून अक्कासाठी दोन किलो चिवडा आला, मसाला गल्लीतून मसाला आला, भिंतीवरच्या कालनिर्णयात शुक्रवारभोवती गोल झाला, तिकिटे निघाली.

आणि परवा भाच्याचा फोन. शेजारच्या मळ्यातली शिराझची तोडणी आम्हांला पाहायची होती, ती आठ दिवस पुढे गेली. थंडी लांबली, साखर भरेना. अजून वीसच आहे, बावीसच्या आत कारखाना हात लावू देत नाही. मुलगा कपाळाला हात लावून बसला. पुढच्या आठवड्याच्या आगगाडीला पाच जागा नाहीत, म्हणजे आता दादरहून एस्.टी. सूनबाई वही घेऊन पुन्हा बेरजा करू लागली. नातीला घाटातले इंजिन हुकणार म्हणून ती रुसली.

सौ.ने माझ्या हातून फोन घेतला. मला वाटले, ती आता बेत रहित करणार. ती भाच्याला म्हणाली, "हे बघ, त्या शेजाऱ्यांना विचारून ठेव, गेल्या वर्षीचे पैसे किती दिवसांनी आले. नको, त्यांना नको विचारूस. मी आले की त्यांच्या बायकोलाच विचारते."